पेडलची पूजा

नागपूरहून आणलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलची काटे असलेली चार बटनं फिरवता फिरवता निकेशला आठ दिवसांनी बास गिटारचा अगदी कॅसेटमधल्यासारखा भरदार आवाज सापडला. "याच्या बटनाले हात नोको लावू, आई," त्यानं बजावलं.

दसऱ्याला अनुसयाबाईंनी बटनं न हलवता पेडलची पूजा केली आणि काळ्या पत्र्यावर कुंकवाचे चार ठिपके लावले. निकेशला न्यायला ऑर्केस्ट्राची जीप दाराशी आली, तशी त्यातली पोरं ते पाहून खिदळली. निकेशनं चिडून रुमालानं सगळं कुंकू घासून काढलं.

कार्यक्रम आर्वीला होता; तिथपर्यंतच्या खड्ड्यांनी चारही बटनं फिरली. पहिल्याच गाण्यात बास असा घरघरला की गाणारी सपना मधेच थांबली. लोक शिट्ट्या मारू लागले. निवेदक चुटके सांगून वेळ काढू लागला. निकेश घामाघूम होऊन बटनं पिळत होता, पण तो आवाज काही केल्या सापडेना.

तेवढ्यात मागून एसटीनं आलेल्या अनुसयाबाई स्टेजच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या.


"काऊन चाचपडून राह्यला रे? ज्या बटनाचा काटा जिथं होता, तिथंच तर कुंकू लावलं होतं मी!"