पोटावरचा लेप

सिस्टर ओल्या कापसाने मुलाच्या पोटावरचा पाल्याचा लेप पुसत होती. आतडं फुटलं होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेण्याआधीच मुलगा गेला.

पडद्यापलीकडे मिशन हॉस्पिटलचे डॉक्टर सगळ्या रांगेदेखत म्हाताऱ्या वैदूवर तोंडसुख घेत होते.

"झाडपाला थापत बसलात! काल आणला असता तर वाचला असता पोरगा."

वैदू आपल्या झोळीचं तोंड बांधत होता.

"वैदूबाबा, सांगा ना त्यांना," जमिनीवर बसलेली मुलाची आई पुटपुटली.

"उगी राहा, पोरी."

काल आणलाच होता. रविवार होता, प्रार्थनेची घंटा वाजत होती. सिस्टरने दारातच मुलाच्या सदऱ्यावरून पोट चाचपलं, "वात धरलाय, उद्या या," म्हणून गोळ्या दिल्या आणि चर्चमध्ये जाऊन नेहमीच्या जागी उभी राहिली. वैदूकडे मायलेक आज सकाळी गेले. कळ थोडी थांबावी म्हणून त्याने लेप लावला आणि मुलाला खांद्यावर टाकून तो तडक इथे आला.

डॉक्टर खोलीत गेले. सिस्टरने हात धुतले. रडू येत नव्हतं. पाणी गार आहे, एवढंच कळत होतं. वैदू बाहेरच्या पायरीवर वहाणा चढवत होता. ती त्याच्याजवळ गेली.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? फुटलेलं पोट शिवायचं औषध माझ्या झोळीत नाही. उद्या माणसं तुमच्याकडे यायची थांबली, तर मी त्यांना कुठे धाडू?"

"मी सांगते डॉक्टरांना."

"सांगा की. दार लावून सांगा म्हणजे झालं."

तो मुलाच्या आईला उठवायला आत गेला. डॉक्टरांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि रांग थेट उंबऱ्यापर्यंत आली होती. सिस्टर तिकडे निघाली. रांगेतल्या पहिल्याच बाईने तिची वाट अडवली आणि कडेवरचं तापलेलं पोर पुढे केलं.

"सिस्टर," वैदूला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "आम्ही नाही हो असल्यांच्या नादी लागत. पोराला जरा काही झालं, की सरळ तुमच्याच हाती आणून देतो."