सोबत्याने बाहेर थांबावे

"मी एकटी आत जायची नाही," म्हातारी म्हणाली आणि चाकाच्या खुर्चीचे हात घट्ट धरून बसली.

रिसेप्शनिस्टनं भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. दवाखान्याच्या नव्या सूचना कालच लागल्या होत्या. आता फोनवरून नंबर लावता येणार होता. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी दवाखान्याची मदतनीस रोज घरी येणार होती. आणि तपासणीच्या वेळी सोबत्याने बाहेर थांबावे, असंही ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

जुने डॉक्टर हिवाळ्यात अचानक वारले. नवे डॉक्टर तरुण आणि शिस्तीचे. नव्याचे नऊ दिवस, असं पेशंट आपापसांत म्हणायचे. पण ते दिवस कधीच उलटले होते आणि शिस्त काही ढिली पडत नव्हती.

म्हातारीची मुलगी मात्र मदतनिसाच्या सूचनेपाशीच थांबली होती. ती तिनं पुन्हा पुन्हा वाचली. मग रिसेप्शनिस्टकडे येऊन हळूच विचारलं, की ही बाई दिवसभर थांबेल का, स्वयंपाकाचं बघेल का, आणि घरचं माणूस नसलं तरी चालेल का. डॉक्टर हो म्हणाले तर सगळं जमेल, असं रिसेप्शनिस्टनं सांगितलं. मुलीचा चेहरा उजळला.

"मला परक्या बाईचा हात लागलेला चालणार नाही," म्हातारी तिकडून म्हणाली. कान तिचे अगदी तिखट होते.

रिसेप्शनिस्टला या मुलीची फार दया यायची. तीन वर्षांपूर्वी म्हातारीनं ही खुर्ची धरली, ती सोडलीच नाही. तेव्हापासून मुलीची नोकरी सुटली, मैत्रिणी सुटल्या. म्हातारीचं आज कंबर, उद्या पाठ, परवा छातीत कळ. दुखणं रोज नवं, भूक मात्र पहिल्यासारखीच. मुलगी भाजीला निघाली तरी ती शेजारणीला बरोबर धाडायची. रात्री तिच्याच खोलीत झोपायची आणि मध्येच उठवून पाणी मागायची. मुलीला न्हाणीघराची कडीसुद्धा आतून लावू द्यायची नाही. म्हणे, मला चक्कर आली तर तू बाहेर येईपर्यंत काय करू? हे सगळं मुलगी दर गुरुवारी सांगायची, तेही तक्रारीचा सूर न लावता. जन्मदातीच मानगुटीवर बसली तर दाद मागायची कुणाकडे?

जुने डॉक्टर तेवढे भले. म्हातारीचं ब्लडप्रेशर चुटकीसरशी बघून व्हायचं आणि मग ते मुलीशीच बोलत बसायचे. झोप लागते का, जेवतेस का, हल्ली काय वाचतेस. पोरीला तेवढाच विसावा, असं बाहेर सगळे म्हणायचे.

आज मात्र मुलगी प्रसन्न दिसत होती. केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर हसू. रिसेप्शनिस्टसाठी तिनं आपली लोकरी शाल आणली होती, ती आवडती निळी.

"अहो ताई, ही कशाला?"

"ठेव तू. माझ्याकडे नुसती पडून राहील."

मदतनीस यायला लागली की तुम्ही काय करणार, असं रिसेप्शनिस्टनं विचारलं. मुलगी हसली. "ते बघू गं. आईची सोय लागली की मी मोकळी." रिसेप्शनिस्टच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती उठली, तपासणीच्या खोलीत गेली आणि या मायलेकींची सगळी कहाणी डॉक्टरांच्या कानावर घालून आली. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

शेवटी म्हातारीचं काही चाललं नाही. नर्सनं खुर्ची ढकलायला घेतली, तशी ती मान वळवून मुलीला म्हणाली, "इथेच बस. हलू नकोस."

"नाही हलत गं, आई."

आत गेल्यावर म्हातारीनं नर्सला बाहेर पाठवलं आणि दार नीट लावून घ्यायला सांगितलं. मग ती खुर्चीतून उठली. चांगली ताठ उठली, खिडकीपर्यंत चालत गेली आणि परत आली.

डॉक्टर बघतच राहिले.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "जुन्या डॉक्टरांना ठाऊक होतं. तुम्हालाही सांगायला हवं, पण ती समोर असताना—"

तिला पुढे बोलताच आलं नाही. डॉक्टरांचा पारा चढला होता. लाज वाटत नाही का, असं त्यांनी विचारलं. एका तरुण मुलीचा जन्म तुम्ही या खुर्चीला बांधून ठेवलात, आणि वर जुन्या डॉक्टरांनाही सामील करून घेतलंत, म्हणाले. म्हातारी हात जोडून आधी माझं ऐका, माझं ऐका म्हणत होती. त्यांनी ऐकलं नाही. अशी सोंगं त्यांनी बरीच पाहिली होती. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला.

"बाहेर त्या ताईंना सांगा," ते म्हणाले, "आई ठणठणीत आहे. आईला आता त्यांची गरज नाही. जा म्हणावं, सुखानं जगा."

म्हातारी फोनवर झडप घालायला पुढे आली, पण तोवर बाहेर निरोप पोचला होता. डॉक्टरांनी तिला ऐकू जावं म्हणून मुद्दाम फोनचा आवाज मोठा केला. केलेल्या पापाचं फळ तिलाही कळू दे.

"सांगितलं, डॉक्टर," रिसेप्शनिस्टचा आवाज आनंदानं भरून आला होता. "इतक्या खूश झाल्या! मला मिठी मारली आणि लगेच निघाल्यासुद्धा. म्हणाल्या, आईला कुणीतरी घरी पोचवा."

डॉक्टरांनी समाधानानं फोन ठेवला आणि म्हातारीकडे बघितलं.

"तीन वर्षांपूर्वी ती गच्चीच्या कठड्यावर उभी होती," म्हातारी म्हणाली. "माझे पाय गेले, असं मी खालून ओरडले, तेव्हा उतरली."