तीन उकळ्या

“आजही इंजेक्शन नाही,” डॉक्टर म्हणाले आणि रक्ताचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर पालथा घातला.

आनंदीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. शेजारी बाकावर त्यांची सून काशी चादर लपेटून कुडकुडत होती. ऐन मे महिन्यात! बाहेर सगळी रत्नागिरी घामाने निथळत होती आणि या पोरीचे दात वाजत होते.

काशीच्या छातीतली कॅन्सरची गाठ मुंबईला काढली, त्याला तीन महिने झाले होते. गाठ गेली तरी मुळं उरतात, म्हणून तीन-तीन आठवड्यांनी सहा इंजेक्शनं घ्यायची होती. मुलगा बाबू मुंबईच्या गोदीत कामाला. औषध तो पाठवायचा, टोचायचं इथे. दोन झाली. तिसरं मागच्या सोमवारी हुकलं, आज पुन्हा हुकलं. कारण दर वेळी तेच. जुलाब, मग ताप. औषधाने अंगातली रोगाशी झुंजायची ताकद आधीच कमी झालेली, त्यात ताप असताना टोचलं तर माणूस हातचं जायचं. आणि नाही टोचलं, तर तिकडे मुळं फुटायला मोकळी.

“पाणी उकळूनच देता ना?” डॉक्टरांनी विचारलं.

झालं! आनंदीबाईंना एक वेळ शिव्या घातल्या तरी चालल्या असत्या.

“तीन उकळ्या काढतंय मी, डाक्टर! एक नाय, तीन! चूळ भरायचं पानी पन उकळलेलं. तिचं भांडं येगळं, फडकं येगळं. आनि काय करू, सांगा.”

खोटं एक अक्षर नव्हतं. लांजा रस्त्यावरच्या त्यांच्या वाडीत पहाटेपासून आनंदीबाईंची चूल धगधगत असायची. शेजारच्या सखूने काशीसाठी रायवळ आंबे आणले, ते त्यांनी तसेच परत धाडले. सखूला दोन शिंका आल्या, तर तिला घरापुढच्या खळ्यातूनही बाहेर काढलं. सखूने बोलणं टाकलं. टाकू दे मेली! सून वाचली की मग बघू रुसवेफुगवे. हौसेने करून आणलेली सून होती ती, आनंदीबाईंना पोटची मुलगी नव्हती.

“कुठून तरी पोटात घाण जातेय, आजी,” डॉक्टर म्हणाले. “आठवडाभर इथेच ठेवू. शुक्रवारी रक्त बघू. पण आता अजून लांबवणं बरं नाही.”

दोन दिवस आनंदीबाई काशीच्या खाटेखाली चटई टाकून राहिल्या. इस्पितळातलं पाणी नर्स उकळायची, तेही त्या स्वतः उभं राहून बघायच्या. तिसऱ्या दिवशी काशीचे जुलाब थांबले. ताप उतरला. तिने पेज मागून घेतली, वर मिठातली कैरी हवी म्हणून हट्ट केला. आनंदीबाईंना रडूच फुटलं. मग एकदम त्यांना आठवलं, दोन दिवस झाले, आपण वाडीतल्या देवीकडे गेलो नाही. शिमग्यापासून एक दिवस खंड पडू दिला नव्हता, आणि आता गुण येतोय तर विसरलो!

त्या तशाच एसटीत बसल्या. देवळात गेल्या, सुनेच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने पदराखाली गडू धरून परत आल्या. काशी उशीला टेकून बसली होती. सासूला बघून ती हसली. आनंदीबाईंनी गडूतून पळी भरली, तशी काशीने सवयीने डोळे मिटून तोंड उघडलं.

“काय देताय?” डॉक्टर दारात उभे होते.

“देवीचं तीर्थ. रोज देतंय.”

“कुठलं पाणी आहे ते?”

“पानी नाय वो ता,” आनंदीबाई कळवळून म्हणाल्या. “तीर्थ!”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “पण देवीला स्नान कुठल्या पाण्याने घालतात?”

“देवळाच्या बावीच्या. या दिवसांत बाव तळाला जाते, रावजी गुरव बिचारा गाळातनं कळशी तिरकी करून करून भरतो. पन देवीच्या अंगावरनं आलं की…”

बोलता बोलता त्यांची नजर पळीतल्या पाण्यावर गेली. शिमग्यापासून रोज. आणि गेले दोन दिवस नाही. ज्या हाताने तीन-तीन उकळ्या काढल्या, त्याच हाताने आपण हिला रोज काय पाजत होतो?

“मामी, द्या ना,” काशी डोळे मिटूनच म्हणाली.

आनंदीबाईंनी पळी गडूत ओतली. एक थेंब खाली सांडू दिला नाही. तीर्थ फेकणार तरी कुठे? त्या उठल्या आणि व्हरांड्यात गेल्या. तिथे नर्स गंगा स्टोव्हवर सुया उकळत बसली होती.

“बाय, तुजं भांडं जरा उतरव.”

त्यांनी गडू स्टोव्हवर ठेवला. पाण्याला भोवरा आला, तुळशीचं पान वरखाली फिरायला लागलं, आणि पहिली उकळी फुटली. आनंदीबाईंनी हात जोडले. डोळ्यांना धार लागली होती.

“सोस गो आये,” त्या गडूला म्हणाल्या. “आजून दोन हायत.”