तिसरं बिस्किट

शाळेतून फोन आला. लेक खेळाच्या तासाला चक्कर येऊन पडली होती. महिनाभर ती आपला डबा मैत्रिणींना वाटून टाकत होती, हे मला तेव्हा कळलं.

आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत वजनकाटाच नव्हता.

"वजन नाही करणार?" मी घाबरत विचारलं.

"काट्याला काय कळणार हिच्या मनातलं?" असं म्हणून त्यांनी टेबलावर तीन बिस्किटांची बशी ठेवली. एक स्वतः उचललं आणि खाता खाता लेकीशी शाळेच्या गप्पा सुरू केल्या.

मला कुठला धीर! "मॅडम, मी हिला जन्मात कधी जाड म्हटलं नाही हो," मी रडकुंडीला आले होते. "हिच्या ताटातलं कधी मोजलं नाही. मग हे खूळ हिच्या डोक्यात भरवलं कुणी?"

तेवढ्यात लेकीनं हळूच एक बिस्किट उचललं. कितीतरी दिवसांनी ती आपणहून काही खाणार होती. आता हिला काही खुपू नये, कुणी काही बोलू नये, एवढंच मनात म्हणत होते.

बाईंनी बशी माझ्यापुढे सरकवली. "तुम्हीही घ्या ना."

"छे छे, मला नको हो! बघताय ना, केवढी सुटलेय!" मी नेहमीसारखी हसून म्हणाले.



लेकीनं बिस्किट पुन्हा बशीत ठेवलं.