बिनधारेचा कटर

“धारवाला नको भाऊ, बोथटच द्या,” वच्छला म्हणाली.

गिरिधरनं कपाळाला हात लावला. इतवारी बाजारातल्या त्याच्या दुकानात मिलिंग मशीनचे कटर मिळायचे, लोखंड कापणारे, गोल, दातेरी. सारी दुनिया धार पाहून माल घ्यायची, आणि ही बाई दर खेपेला भंगाराच्या डब्यातून झिजलेला शोधून न्यायची. आज डबाच रिकामा होता. भंगारवाला सकाळीच सगळं उचलून घेऊन गेला होता.

“नवा कोरा हाय, तो घेऊन जा ना. बोथट नेऊन काय त्याचं लोणचं घालता?”

वच्छला हसली नाही. मग पहिल्यांदाच तिनं त्याला सगळं सांगितलं.

तिचा नवरा रामाजी जन्मभर कारखान्यात मिलिंग मशीनवर राबला. रिटायर झाल्यावर हौसेनं एक जुनं मशीन घेतलं आणि घराच्या पडवीत बसवलं. ‘म्हातारपणी सवत आणली वं तुह्या उरावर,’ म्हणून गल्लीतल्या बायांनी वच्छलेला चिडवून घेतलं. आणि मग त्याचं डोकं हळूहळू विझत गेलं. नातवंडं विसरला, घराची वाट विसरला, जेवलो की नाही तेही विसरला. मशीन तेवढं राहिलं. तिनं वायरमनकडून मशीनची लाइन तोडून घेतली, तरी हा आपला दिवसभर हातानं चाक फिरवत बसायचा. मधेच कधी कटर झिजला म्हणायचा, आणि नवा येईपर्यंत अन्नाला शिवायचा नाही. पहिल्या वेळी तिनं खरंच नवा आणून दिला होता. त्यानं सवयीनं कटरच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि फिरवतच राहिला. धोतर रक्तानं भरलं, तरी त्याला पत्ताच नाही.

“म्हून बोथट पाहिजे,” वच्छला म्हणाली. “पण ह्यायले वाटलं पाहिजे का नवाच हाय.”

 गिरिधरनं खोक्यातून एक चांगला कटर काढला आणि ग्राइंडरच्या दगडावर धरला. ठिणग्या उडाल्या. धार लावायचं मशीन ते, त्यावर धार मोडताना त्याचा जीव हळहळला. मग तिच्याच सांगण्यावरून त्यानं कटरला तेल चोपडलं आणि कागदात गुंडाळून दिला. नव्या मालाला तेलाचा वास पाहिजेच.

पुडकं मांडीवर घेऊन वच्छला रिक्षात बसली. एवढा आटापिटा ती कशासाठी करत होती? एका हाकेसाठी. त्या काळी नवरा बायकोला अमक्याची माय, तमक्याची माय म्हणायचा. रामाजी मात्र लग्न झालं तेव्हापासून चारचौघांत ‘वच्छला’ म्हणायचा. सासू चिडायची, ही लाजेनं मरायची. सगळं गेलं तरी ते नाव त्याच्या जिभेवर राहिलं होतं, आणि त्याच्याच आधारानं बाई दिवस ढकलत होती. आज सकाळीही त्यानं हाक मारली होती, “वच्छला, कटर गेला वं!”

ती घरी आली तेव्हा तो पडवीत मशीनपाशीच बसला होता. तिनं पुडकं पुढं केलं. त्यानं कागद सोडला, वास घेतला आणि दातांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. वच्छला त्या अंगठ्याकडंच बघत होती.

रामाजी गालातल्या गालात हसला. त्यानं दाराकडं नजर टाकली, घरात कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि तिला बोटानं जवळ बोलावलं.

“ह्याले धार नाही,” तो हळूच म्हणाला. “आधीच्यायलेही नव्हती.”

“मंग घेत काहून होते?” तिनं कसंबसं विचारलं.

“आमची वच्छला आणते ना. उन्हातान्हाची इतवारीपर्यंत जाते बिचारी. तिले वाटते, मले काही समजत नाही.” त्यानं कटर छातीशी धरला. “तुम्ही तिले सांगू नका बरं, बाई. लय वाईट वाटन तिले.”

“नाही सांगत,” वच्छला म्हणाली.