तळमजल्यावरचं पाळणाघर

"तुझ्या लेकराला सांभाळत बसायला मी रिकामी नाही," सासूबाईंनी ठणकावून सांगितलं. "नोकरीची हौस तुला, तर निस्तर तूच."

सून शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि वेळेवर मशीनवर बसली नाही, तर तिची जागा दुसरीला जाणार होती. नवरा दोघींच्या मध्ये बसून मान खाली घालून जेवला. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं; आदळायची ती भांडीच.

देवालाच दया आली म्हणायची. बाळंतपणानंतर बायका परतत नाहीत आणि निम्मी मशीनं धूळ खात पडतात, हे ध्यानात आल्यावर मालकांनी कारखान्यातच पाळणाघर काढलं. कामावर परतायच्या दिवशी सून बाळाला घेऊन निघाली, तर सासूबाई तिच्याआधीच घराबाहेर पडलेल्या. नातवाच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला नाही बाईने, असं मनात धुमसतच ती कारखान्याच्या तळमजल्यावर पोचली.

पाळणाघराच्या दारात निळा एप्रन बांधून सासूबाई उभ्या होत्या. बाळ हसून त्यांच्याकडे झेपावलं.

"हेच करायचं होतं, तर घरी सांभाळलं असतंत तर काय बिघडलं असतं?" सून दातओठ खात म्हणाली.


"घरी मला रविवारची सुट्टी कोणी दिली असती? तू, की माझ्या लेकाने?"