पाटीला हात

मैनेने पाटी काठोकाठ भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि हाक मारली, "लंकामावशी, हात लावा जरा."

लंकाबाईने ऐकलं आणि तोंड फिरवलं.

विंचूरच्या त्या खळ्यात कांद्याची भरली पाटी एकटीने डोक्यावर घेणं कुणाला जमत नसे. समोरून दुसरीने हात लावायचा, मग भार सावरत फळीवरून चढायचं आणि कांदा गाडीत ओतायचा. हात लावायला कोणी नाही म्हणत नसे. भांडलेल्या बायकासुद्धा तोंड वाकडं करून का होईना, हात लावायच्या. आज मात्र मैनेने चौघींना हाका मारल्या आणि चौघींनाही एकदम दुसरं काम आठवलं.

मैनेच्या डोळ्यांत पाणी आलं. काल फळीवर तिचा पाय घसरला होता, काम खोळंबलं होतं. त्याचाच राग बायकांनी धरला असणार. तिला सहावा महिना होता. जुन्या लुगड्याची पट्टी आवळून तिने पोट लपवलं होतं, आणि ते लपलंय अशी तिची भाबडी समजूत होती. मुकादमाला कळलं तर तो घरी बसवणार, जागेवर दुसरी बाई घेणार, आणि बाळंतपणानंतर विचारतो कोण? लंकाबाईने मागे हळूच विचारलं होतं, तेव्हाही ही म्हणाली होती, "काय नाय मावशी, पोटात वात धरलाय."

सहादू मुकादम मनगटावरचं घड्याळ बघत आला. "काय गं, भरली पाटी पुढ्यात ठेवून उभी का?"

"कोणी हात लावंना."

"त्यात काय एवढं? चल, मी लावतो." तो वाकला.

"लाव की," लंकाबाई शांतपणे म्हणाली. "तिला लावलास, की मंग आमालाबी तूच लाव."

सहादूने मान वर केली. खळ्यातल्या साऱ्या बायका भरल्या पाट्या पुढ्यात ठेवून उभ्या होत्या. एकही दुसरीच्या पाटीला हात लावत नव्हती.

"पोरीला सहावा हाय," लंकाबाई म्हणाली. "फळीवरून पडली तर दोन जीव जातील. तिला कांदा निवडायला बसव."

"मग घरीच बसू दे तिला."

"घरी नाय. हितंच, सावलीत, याच रोजावर. आन बाळंत होऊन आली का तिची जागा तिला."

मैनेने पदर तोंडाला लावला. ज्यांना ती मघापासून मनातल्या मनात शिव्या घालत होती, त्याच बायका तिच्यापायी आपला रोज पणाला लावून उभ्या होत्या. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. सहादूने गाडीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. बायका हलल्या नाहीत. गाडीवाल्याने पुन्हा हॉर्न वाजवला.

"जा, बस निवडायला," सहादू म्हणाला. मैना सावलीत जाऊन बसली, तशी त्या साऱ्याजणी एकमेकींच्या पाट्यांना हात लावायला धावल्या.

पुढच्या हंगामात मैना परत पाटीवर आली. धुरळ्यापासून दूर, लिंबाच्या फांदीला तिच्या लेकीची झोळी होती. पोर रडली की ती काम टाकून पाजायला जाई. सहादू घड्याळाकडे बघे, पण बोलत नसे.

एके दिवशी चंद्रभागा नावाची नवी बाई कामाला आली. कांद्याने पाटी भरून ती मैनेपुढे येऊन उभी राहिली. पदर पोटाभोवती घट्ट लपेटलेला, चेहरा ओढलेला.

"ताई, हात लावता का?"

मैनेने तिला एकवार निरखून पाहिलं. मग ती मान ताठ करून उभी राहिली, आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.